रुग्णाला सांगूनही तो दातांची काळजी घेत नाही, मग सांगायचं तरी कसं?

सगळं एकदम सांगू नका. खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला पाच सूचना दिल्या, तर घरी पोहोचेपर्यंत एखादीच उरते. एका भेटीत एकच गोष्ट ठरवा, तीही रोजच्या सवयीला जोडून: 'रात्री मोबाइल चार्जिंगला लावला की आधी दातांच्या फटींत छोटा ब्रश फिरवायचा.'

तोंडी सांगण्यापेक्षा हातात आरसा द्या. प्लाक, म्हणजे दातांवर साचणारा चिकट थर, रंगवणारी गोळी चघळायला दिली की कुठे राहून गेलंय ते त्याला स्वतःलाच दिसतं. मग ब्रश त्याच्याच हातात देऊन 'आता तुम्ही करून दाखवा' म्हणा. 'समजलं ना?' असं विचारलं तर सगळेच मान हलवतात!

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा. सुरुवातीला हिरड्यांतून थोडं रक्त येईल. ते बहुतेक वेळा सुजेमुळे येतं, आणि नेमकं तेव्हाच लोक घाबरून सोडून देतात. नियमित स्वच्छतेने ते एक-दोन आठवड्यांत कमी होतं. नाही झालं तर परत दाखवायला सांगा.

आणि रागावू नका. ओरडा खाल्लेला रुग्ण पुढच्या वेळी खोटं बोलतो, नाहीतर येतच नाही.