‘अनागोंदी कारभार’ म्हणजे नेमकं काय? तो गलथान कारभारापेक्षा वेगळा आहे का?

तुम्ही लिहिलंय की मंडळाच्या वार्षिक सभेत तुम्ही ‘हा सगळा अनागोंदी कारभार आहे’ असं म्हणालात आणि कार्यकारिणी दुखावली. गलथान, भोंगळ, गैरव्यवस्थापन यांसारखाच हाही एक शब्द, मग एवढं काय झालं, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते हा शब्द त्या सगळ्यांपेक्षा बराच जड आहे, आणि त्यांना तो लागला यात मला नवल वाटत नाही.

अनागोंदी म्हणजे नुसता वाईट कारभार नव्हे. कोणी कोणाला जाब द्यायचा हेच जिथे उरलेलं नाही, हुकूम सुटतात पण अंमल होत नाही, वहीत एक आणि जागेवर दुसरंच, अशी ती अवस्था. हा अर्थ आला तो एका गावावरून. तुंगभद्रेच्या उत्तर काठावर, हंपीच्या, म्हणजे विजयनगर साम्राज्याच्या जुन्या राजधानीच्या समोर आनेगुंदी आहे. आज ते कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात येतं. 1565 च्या तालिकोटच्या लढाईत त्या साम्राज्याचा कारभार चालवणारा रामराय मारला गेला, विजयनगर लुटलं गेलं. पुढे विजयनगरच्या राजघराण्याचा वारसा सांगणारे लहान संस्थानिक आनेगुंदीला राहिले. परंपरेने गोष्ट सांगतात ती अशी, की हातून गेलेल्या मुलखाचा वसूल तिथल्या दफ्तरात जमेला धरला जाई आणि तेवढाच खर्चही टाकला जाई. कागदावर साम्राज्य शाबूत, तिजोरीत खडखडाट. गोष्ट ऐकीव आहे, पण शब्दाचा गाभा तिच्यात आहे: जमाखर्च जुळतो आणि खरं काहीच नसतं. एका उद्ध्वस्त राजधानीच्या शेजारचं हे गाव, आपल्या भाषेत मात्र बदनामीपुरतं उरलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता बाकीचे शब्द. गलथान हा माणसाच्या वृत्तीबद्दलचा शब्द. पाण्याची मोटर रात्रभर चालू राहिली, गच्चीवरून पाणी वाहत राहिलं, तर तो गलथानपणा. बंद करायची कोणी होती ते ठाऊक असतं, त्याने लक्ष दिलं नाही एवढंच. भोंगळ म्हणजे सैल, आकार नसलेलं. ढिसाळ जवळपास तसाच, पण नियोजनाला जास्त शोभतो: एकांकिका स्पर्धेची वेळ बदलली आणि परीक्षकांना कळवलंच नाही, हे ढिसाळ नियोजन. गैरव्यवस्थापन हा अहवालातला शब्द, त्यात राग नाही. गैरकारभार म्हटलं की मात्र हेतूवर संशय येतो.

आणि अनागोंदी? सोसायटीच्या वहीत पहारेकऱ्याचा पगार दरमहा लिहिलेला आहे, पहारेकरी कोणी पाहिलेला नाही. सेक्रेटरी खजिनदाराकडे बोट दाखवतो, खजिनदार जुन्या कमिटीकडे, आणि जुन्या कमिटीतले म्हणतात दफ्तर तुमच्याकडे. इथे तो शब्द नेमका बसतो. ‘अनागोंदी माजली’ असं नाम म्हणून आणि ‘अनागोंदी कारभार’ असं विशेषण म्हणून, दोन्ही प्रकारे चालतो.

आम्ही बडोद्याची मराठी माणसं दोन भाषांच्या मधे राहतो, त्यामुळे आमच्याकडे आणखी शब्द आहेत. गुजरातीत वहीवट म्हणजे कारभार, म्हणून वाईट कारभार तो गेरवहीवट. मराठीत वहिवाट म्हटलं की शेतातला रस्ता आणि ताबा आठवतो, पण गायकवाडी राज्यात तालुक्याचा अधिकारी वहिवाटदारच होता. जिथे कसलाच धरबंध नाही अशा कारभाराला शेजारचे गुजराती ‘पोपाबाईनुं राज’ म्हणतात, आपल्याकडेही ‘पोपाबाईचं राज्य’ आहे.

या शहराचा इतिहासही इथे उपयोगी पडतो. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारींवर 1873 मध्ये इंग्रज सरकारने आयोग नेमला. पुढे रेसिडेंटवर, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीवर, विषप्रयोग केल्याच्या आरोपावर दुसरा आयोग बसला, त्याच्या सभासदांत दोन तट पडले, आणि अखेर 1875 मध्ये राज्य नीट चालवलं नाही म्हणून मल्हाररावांना गादीवरून काढलं. त्या राजवटीला पुष्कळजण सहज अनागोंदी म्हणतात. मला ते पटत नाही. तिथे सत्ता कोणाच्या हातात होती याबद्दल शंका नव्हती. तिला अंदाधुंदी म्हणावं, मनमानी म्हणावं. त्याच गादीवर नंतर आलेल्या सयाजीरावांच्या काळात, 1931 मध्ये, राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’. कारभारात शब्द नेमका हवा, याची तिथे एवढी कदर होती.

हा फरक मी एवढा धरून बसते, कारण सरसकट ‘अनागोंदी’ म्हटलं की चूक सगळ्यांची होते, म्हणजे कोणाचीच राहत नाही. ज्याने पावती फाडली नाही तोही त्या मोठ्या शब्दाआड सुरक्षित.

तुमच्या मंडळात काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. हिशेब वेळेवर आले नाहीत, एवढंच असेल तर शब्द मागे घ्या आणि ‘दिरंगाई’ किंवा ‘ढिसाळपणा’ म्हणा. पण खर्चाला पावत्या नसतील, आणि विचारायचं कोणाला हेच कोणी सांगत नसेल, तर तुमचा शब्द बरोबर होता. तरी इतिवृत्तात तो लिहून घेण्याचा आग्रह धरू नका. कोणत्या खर्चाची पावती मिळालेली नाही, ती कोणाकडे मागितली आणि कोणत्या तारखेला, हे लिहून घ्या.