बी.ए. इंग्रजीसाठी मुलीला एकटीची शिकवणी लावावी का?

तुम्ही विचारलंय : मुलगी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, आता बी.ए.ला इंग्रजी हा मुख्य विषय आहे, कविता कळतात म्हणते पण पेपरात लिहिता येत नाही. एकटीची शिकवणी लावून फायदा होईल का?

होईल. फक्त शिकवणारे त्या तासात काय करणार आहेत, ते आधी विचारा. ‘तयार नोट्स देतो’ असं उत्तर आलं तर लावू नका. नोट्स गाईडमध्येही असतात.

मी सांगलीत घरीच एकेका विद्यार्थ्याला शिकवते. गेल्या वर्षी एक मुलगी वर्ड्सवर्थ या इंग्रज कवीच्या, डॅफोडिल्सच्या फुलांवरच्या कवितेवर दोन पानं लिहून घेऊन आली. ‘वर्ड्सवर्थ हा निसर्गकवी आहे’ इथून सुरुवात आणि शेवटपर्यंत तेच. वाक्यं शुद्ध होती, कारण ती पाठ केलेली होती. मी वही मिटली आणि मराठीत विचारलं, “फुलं बघताना तिथे किती माणसं आहेत?”

“एकच. कवी.”

मग तिला सांगितलं की १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याकाठी ती फुलं दिसली तेव्हा कवीची बहीण डोरोथी सोबत होती. त्या दिवसाचा सोसाट्याचा वारा आणि ती फुलं, दोन्ही तिच्या रोजनिशीत आहेत. कविता त्यानंतर दोनेक वर्षांनी लिहिली गेली. पोरगी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मॅडम, मग त्यानं बहिणीला काढून का टाकलं?”

हा प्रश्न कुठल्याच गाईडात नव्हता. उत्तरही तिनंच शोधलं. शेवटच्या कडव्यात कवी कोचावर एकटा पडलेला असतो आणि फुलं मनात उजळतात. त्या एकांतापर्यंत पोचायचं होतं म्हणून पहिल्या ओळीपासूनच तो एकटा आहे, असं ती म्हणाली. (एकांताच्या सुखाबद्दलच्या त्या कडव्यातल्या दोन ओळी त्याच्या बायकोनं, मेरीनं, सुचवलेल्या आहेत. हे मला दरवेळी सांगावंसं वाटतं.) साठ जणांच्या वर्गात असं थांबून राहायला प्राध्यापकांना वेळच नसतो. एकटीच्या शिकवणीचं मोल मला त्या थांबण्यात वाटतं.

जे तिनं मराठीत दोन मिनिटांत सांगितलं, ते इंग्रजीत उतरायला तीन आठवडे लागले. इथे घाई करू नका. मराठीत ‘अ’ आणि ‘द’सारखी उपपदं नाहीत, त्यामुळे ती गळतात. ‘विषयी चर्चा करणे’ मनात असतं म्हणून नुसतं ‘डिस्कस’ पुरत असताना ‘डिस्कस अबाउट’ होतं. ‘चार वर्षांपासून शिकतेय’चं ‘आय हॅव बीन लर्निंग फॉर फोर इयर्स’ऐवजी ‘आय ॲम लर्निंग सिन्स फोर इयर्स’ होतं. या चुका मठ्ठपणाच्या नाहीत, मराठीतून विचार करण्याच्या आहेत, आणि मुलीला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. मी एका वेळी एकच चूक धरते. पान लाल केलं की मूल लिहायचं थांबतं, हे मी पाहिलंय. आधी तिनं स्वतःचं लिखाण मोठ्यानं वाचायचं. निम्म्या चुका वाचतानाच तिच्या कानाला खटकतात. उरलेल्यांचं कारण मी सांगते आणि परिच्छेद ती पुन्हा लिहिते.

पुन्हा लिहायचा कंटाळा आला की तिला त्याच कवितेचं दाखवते. १८०७ साली छापली तेव्हा पहिल्या कडव्यातली फुलं ‘डान्सिंग’ होती, १८१५ साली ती ‘गोल्डन’ झाली आणि एक नवं कडवं आलं. वर्ड्सवर्थला आठ वर्षांनी शब्द बदलावासा वाटला, मग आपण परिच्छेद तीनदा लिहायला काय हरकत आहे?

आठवड्यातून एकदा दीड तास पुरतो, मधल्या दिवसांत तिनं लिहिलं तर. परीक्षेच्या आदल्या महिन्यात मात्र लावू नका. त्या वेळी पाठांतरच होतं आणि ते ती एकटीही करेल. सत्र सुरू होतानाच लावा.

आणि तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी एक काम तुमचंच आहे. महिन्याभरानं तिची वही उघडून बघा. तिच्या अक्षरातलं, खाडाखोड केलेलं, पुन्हा लिहिलेलं दिसलं तर शिकवणी चालू ठेवा. शिक्षकांनी सांगितलेलं उतरवून घेतलेलंच सगळं असेल तर दुसरे शिक्षक शोधा.