कामोते म्हणजे रताळं, उबे म्हणजे कोनफळ

एका वाचकाने विचारलं आहे: "फिलिपिनो पाककृतींत 'कामोते' येतं, ते बटाटा समजावं की रताळं? 'कामोते क्यू' हा पदार्थ लोक रांग लावून घेतात म्हणून त्याला 'क्यू' म्हणतात का? आणि त्यांची ती जांभळी मिठाई कामोतेचीच का?"

कामोते म्हणजे रताळं. बटाटा तिकडे 'पातातास'. जांभळी मिठाई म्हणजे 'उबे हालाया', आणि तिच्यात कामोते नसतं.

हल्ली मराठी पाककृतींच्या व्हिडिओंत उबेला सर्रास 'जांभळं रताळं' म्हणतात. ऐकून चीड येते, कारण उबेला आपल्याकडे अस्सल नाव आहे: कोनफळ. रताळ्याची वेल गारवेलीच्या कुळातली; कोनफळाचं कूळच निराळं. जांभळ्या गराचं रताळंही असतं, त्याला खुशाल जांभळं रताळं म्हणा. पण कोनफळासारखा शब्द घरात असताना नवं आणि चुकीचं नाव कशाला पाडायचं?

आता 'क्यू'. त्याचा रांगेशी काहीही संबंध नाही. रताळ्याच्या जाड चकत्या तेलात तळतात, त्याच तेलात तपकिरी साखर टाकतात, ती वितळून चकत्यांना चिकटते आणि निवली की कडक, चकचकीत कवच धरते. मग त्या बांबूच्या काडीवर ओवायच्या. दुपारच्या 'मेरिएंदा'ला, म्हणजे मधल्या वेळच्या खाण्याला, हा प्रकार रस्तोरस्ती मिळतो. तिथे काडीवरच्या भाजलेल्या मांसाला 'बार्बेक्यू' म्हणतात. त्या शब्दाचं शेपूट तोडून काडीवरच्या केळ्याला लावलं, झालं 'बनाना क्यू'. रताळ्याला लावलं, झालं 'कामोते क्यू'. भाजण्याचा पत्ता नाही, उरली फक्त काडी.

पण हे शेपूट आलं कुठून? बार्बेक्यूच्या मागे स्पॅनिश 'बार्बाकोआ' आणि त्याच्या मागे कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द. मांस ठेवायची लाकडी मांडणी, असा त्याचा अर्थ. 'कामोते' मात्र मेक्सिकोचं. नाउआत्ल भाषेतलं 'कामोत्ली' स्पॅनिश तोंडी 'कामोते' झालं, 'तोमात्ल'चं 'तोमाते' झालं तसंच. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं आकापुल्को ते मनिला ये-जा करत होती. त्या वाटेने मेक्सिकोतली कितीतरी पिकं आपापली नावं घेऊन फिलिपिन्समध्ये उतरली. म्हणजे मनिलातल्या एका काडीवर अमेरिका खंडातल्या दोन भाषा ओवलेल्या आहेत, आणि खाणारा तिसरीच बोलतो!

त्याच ताइनो भाषेत रताळ्याला शब्द होता 'बटाटा'. हो, आपलाच. आपले शब्दकोश 'बटाटा'पुढे 'पोर्तुगीज' लिहून मोकळे होतात. पत्र कुणी लिहिलं असं विचारल्यावर पोस्टमनचं नाव सांगावं, तसलं हे उत्तर. पोर्तुगिजांनी शब्द पोहोचवला. तो ताइनोंचा, आणि मूळचा रताळ्याचा. आपण त्यांचं नाव उचललं आणि दुसऱ्याच कंदाला दिलं.

मग आपल्या रताळ्याला नाव कुठलं मिळालं? रताळं म्हणजे संस्कृत 'रक्तालु'. यावरून काही संस्कृताभिमानी मंडळी रताळं प्राचीन भारतातलं असल्याचं ठासून सांगतात. ते साफ चूक आहे. शब्द जुना आहे, पण हा कंद अमेरिकेतून आला. 'आलु' म्हणजे खाण्याजोगा कंद. हिंदीतला आलू, आपला अळू आणि रताळ्यातलं 'आळं' एकाच मुळाचे. 'रक्तालु' म्हणजे तांबडा-जांभळा कंद, म्हणजे माझ्या मते कोनफळच. पुरावा हवा असेल तर गुजराती स्वयंपाकघरात जा. उंधियूत दोन्ही कंद पडतात: कोनफळाला ते 'रताळू' म्हणतात आणि आपल्या रताळ्याला 'शक्करियुं'. गुजरातीने जुना अर्थ राखला, मराठीने ते नाव परदेशी पाहुण्याला देऊन टाकलं. इंडोनेशियातही तेच झालं. 'उबी' म्हणजे कंद, आणि रताळं म्हणजे 'उबी जालार', सरपटणाऱ्या वेलीचा कंद. फिलिपिन्समध्ये मात्र पाहुणा स्वतःचं नाव घेऊन आला, म्हणून उबे उबेच राहिलं. पाहुण्याचं नाव वाटेत हरवलं तर तो घरातल्या जुन्या कंदाचं नाव बळकावतो, हा माझा सिद्धांत आहे आणि या तिन्ही ठिकाणी तो लागू पडतो. उबेला जांभळं रताळं म्हटलेलं मला खुपतं ते म्हणूनच. ज्याचं नाव एकदा गेलं, त्यालाच आता आपण नव्या धन्याची ओळख चिकटवतो आहोत.

फिलिपिन्समध्ये 'कामोते' शिवीसारखंही वापरतात. बेशिस्त दुचाकीस्वार 'कामोते', परीक्षेत आपटी खाणं म्हणजे 'नांगामोते', आणि अभ्यास न जमणाऱ्याला 'घरी जा, कामोते लाव' असं सुनावतात. आपणही 'अरे रताळ्या' म्हणतोच. दोन्हीकडे कारण एकच असावं: गरिबाचं, स्वस्त, मातीतून ओढून काढलेलं अन्न. हा अन्याय आहे. जपानी ताब्याच्या काळात, 1942 ते 1945 मध्ये, भात मिळेनासा झाला तेव्हा फिलिपिनो घरं याच कंदावर तगली. आजही तिथे न्याहारीला नुसतं उकडलेलं कामोते खातात. केशरी गराच्या जातींत अ जीवनसत्त्वाचा मोठा साठा असतो. विसाया बेटांवर गुड फ्रायडेला नारळाच्या दुधात रताळं, अळकुड्या, केळी आणि साबुदाणा शिजवून 'बिनिग्नित' करतात. आपल्या उपासाच्या ताटातही रताळं हवंच.

आणि पाककृतीत 'तालबोस नांग कामोते' दिसलं तर रताळं सोलायला घेऊ नका. तालबोस म्हणजे वेलीचे कोवळे शेंडे. आपल्याकडे हा पाला बहुधा गुरांपुढे जातो. तिथे तो वाफवून टोमॅटो, कांदा, कालामान्सी लिंबाचा रस आणि 'बागोओंग' ही खारवलेली मासळी घालून खातात, किंवा आंबट 'सिनिगांग' रश्शात अगदी शेवटी सोडतात.