एकाच डोरीला दोन-तीन गळ बांधायचे तर कोणती गाठ घालावी?

तुम्ही विचारलंय की खाली शिसं आणि वर तीन गळ लावले की दर वेळी वरचा गळ मुख्य डोरीला गुंडाळून बसतो, तर गाठ चुकतेय का. आणि मित्र म्हणतो, गाठींच्या भानगडीत पडू नको, तीनतोंडी स्विव्हल (डोर बांधायच्या तीन कड्या असलेला धातूचा फिरता जोड) आण. पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात होईल. दुसरा भाग वाचून मात्र माझं डोकं फिरलं, कारण हेच वाक्य मी आमच्या भाऊजींच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

आधी तुमचं बघू. गुंता गाठीमुळे होत नाही, लांबीमुळे होतो. मुख्य डोरीतून आडवा निघणारा जो फाटा, ज्याला गळ असतो, तो चार-पाच बोटांपेक्षा लांब ठेवलात की फेकताना फडफडतो आणि डोरीला लपेटतो. दोन फाट्यांमधलं अंतर फाट्याच्या दुपटीहून जास्तच ठेवा, म्हणजे एक खाली लोंबला आणि दुसरा वर उडाला तरी गळ गळाला भेटत नाही. रिळावर ०.३० मिलिमीटरची डोर असेल तर रिग, म्हणजे गळ आणि शिसं लावलेला खालचा तुकडा, बांधायला ०.४०ची घ्या, जरा ताठ असते, फाटा आडवा उभा राहतो. आणि परत गुंडाळताना भिंगरी फिरवल्यासारखं रीळ फिरवू नका. आमिष पाण्यात गरगरतं आणि त्याच्यासोबत फाटाही.

तीन गळ कशाला हवेत तेही मला कळलेलं नाही. आपल्याकडच्या तळ्यांत रोहू, कतला आणि मृगळ एकत्र सोडलेले असतात. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या पाण्यात, आणि कतला वरच्या थरात, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. एक गळ शिशाच्या वीतभर वर आणि दुसरा त्याच्या हातभर वर, एवढ्यात मृगळ आणि रोहू दोघांची सोय होते. कतला हवा तर पाण्यावर तरंगणारा फ्लोट लावून वेगळी काठी टाका. तिसरा गळ फक्त जाळीत अडकायला आणि तळहातात घुसायला असतो.

आता गाठ. फाट्यासाठी ड्रॉपर लूप, दुसरी बघूच नका. टोक मोकळं नसलं तरी डोरीच्या मधोमध कुठेही घालता येते, हा तिचा मोठा गुण. डोरीचा वाटीएवढा फास करा. जिथे डोर डोरीवरून जाते तिथे एका बाजूचे दुसऱ्या बाजूभोवती सहा-सात पीळ द्या, पण पिळांच्या बरोबर मध्यावर एक फट उघडी राहू द्या. नवखे असाल तर तिथे आगपेटीची काडी खुपसून ठेवा. मग फासाचा समोरचा भाग त्या फटीतून पलीकडे काढा, दातात धरा, सगळं थुंकीने ओलं करा आणि दोन्ही हातांनी मुख्य डोर दोन दिशांना हळूहळू ओढा. पीळ दोन्हीकडून मध्याकडे सरकत एकमेकांना बिलगतात आणि फास काटकोनात ताठ बाहेर येतो. ओलं न करता ओढलंत तर घर्षणाने नायलॉन तापतं, तिथे पांढुरकं होतं, आणि अशी गाठ पहिल्याच झटक्याला जाते. पांढुरकी दिसली की कापायची, जीव अडकवायचा नाही.

हे मला शिकवलं बाबांनी, पण बाबांना ते आधी येत नव्हतं. ते इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये विणाई खात्यात होते. मागावर ताण्याचा धागा तुटला की वीणकराची गाठ घालून तो जोडायचा. बाबांची बोटं ते न बघता करायची, माग फार वेळ थांबवायचा नसतो ना. सुतात ती गाठ पक्की बसते. नायलॉनमध्ये सटकते, कारण नायलॉन गुळगुळीत आणि सूत खरबरीत. बिलावली तलावाच्या पाळीवर त्यांनी ती गाठ घातलेली डोर टाकली तेव्हा शेजारी बसणारे एक कहार काका हसले आणि म्हणाले, "बाबूजी, ये कपड़ा नहीं है." मग त्यांनी स्वतःची डोर दाखवली, तीच ही फासाची गाठ, आणि मला म्हणाले, "बेटा, पहले गीला कर, फिर खींच." त्यानंतर १९९१ साली मिल बंद पडली आणि बाबांकडे रविवारच रविवार उरले. घरात बसून ते काय करणार? मला सायकलवर पुढे बसवायचे, डब्यात पोहे, आणि चल. आईला मुलीने गळ टाकणं पसंत नव्हतं. मासा आणला की मात्र कालवण तीच करायची.

भाऊजींचं प्रकरण नंतरचं. माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. स्वभावाने सोन्यासारखे, पण हातात पैसा आला आणि त्यांनी एकदम सगळं सामान घेतलं: पेटी, तीन काठ्या, टोपी, तीनतोंडी स्विव्हलांचं पाकीट. दिवाळीनंतर देपालपूरकडे यजमानांच्या एका ओळखीच्या पटेलांच्या शेततळ्यावर आम्ही सगळे गेलो. पटेलांनी माशांची पिल्लं टाकून बरीच वर्षं झाली होती, रोहू चांगले वाढलेले होते. मी नेहमीचं आमिष मळलं, शेंगदाण्याची पेंड, कणीक आणि चिमूटभर हिंग. भाऊजी माझी रिग हातात घेऊन सगळ्यांना दाखवत म्हणाले, "वहिनी, गाठ म्हणजे डोरीतली सगळ्यात दुबळी जागा. जमाना लोखंडाचा आहे."

त्यांची पहिली फेक गुंत्यात गेली. वारा होता म्हणे.

दुपारी माझ्या काठीचं टोक दोनदा हललं आणि मग वाकलंच. मी रिळाचा ब्रेक सैल ठेवते, त्यामुळे डोर सुटत गेली, माशाने तळ्याच्या त्या बाजूला धाव घेतली जिथे पाणी आत येण्यासाठी दगड रचलेले आहेत. मी काठी बाजूला झुकवून त्याला वळवत होते. एकदा वर आला, लालसर पर आणि रुंद पाठ दिसली, रोहूच. इतक्यात भाऊजी धावत आले, "वहिनी, द्या इकडे, तुम्हाला झेपायचा नाही." यजमान म्हणाले, "दे त्याला, दे." मोठ्या दिराच्या पोरांसमोर काठीची खेचाखेच कुठे करत बसणार? दिली. भाऊजींनी ब्रेक आवळला आणि काठी सरळ डोक्यावर नेली. फट्. मासा गेला, रिग गेली, आणि भाऊजी वळून म्हणाले, "बघा, गाठ सुटली."

त्या दिवसापासून प्रत्येक लग्नामुंजीत, प्रत्येक पंगतीत हा किस्सा होतो. "वहिनींची गाठ सुटली."

गाठ सुटली नव्हती, आणि हे मी तिथल्या तिथे सांगितलं होतं. गाठ सटकून सुटते तेव्हा डोरीच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखी कुरळी वेटोळी राहतात, कारण पिळांचा आकार नायलॉनमध्ये ठसलेला असतो. माझ्या काठीवर राहिलेलं टोक सरळ होतं. वीतभर डोर नखाने चाचपली तर खरबरीत लागत होती, दगडावर घासून पांढरी झालेली, आणि टोक चिरल्यासारखं. म्हणजे डोर रिगच्या बरीच वर, दगडाला घासून तुटली, आणि घासलेल्या डोरीवर आवळलेल्या ब्रेकने झटका दिल्यावर दुसरं काय होणार? मी ते टोक भाऊजींच्या नाकासमोर धरलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो वहिनी, मासाच तो." आता मासाच तो! आणि पंगतीत?

तर तुमच्या मित्राला, आणि तुमच्या मित्रामार्फत अशा सगळ्यांना, एक साधा हिशोब विचारा. गाठ दुबळी असते हे मान्य, कोणतीही गाठ घातली की डोरीची ताकद थोडी कमी होतेच. मग तीनतोंडी स्विव्हलला किती गाठी लागतात? वरून एक, खालून एक, फाट्याची एक. तीन! ड्रॉपर लूपमध्ये एक. त्यात स्वस्त स्विव्हलच्या तारेच्या कड्या ओढीने उघडतात. भाऊजींच्या पेटीत तशी दोन मी स्वतः पाहिली आहेत. लोखंडाचा जमाना म्हणे.

फासात गळ अडकवणं सोपं आहे. फास चिमटून गळाच्या डोळ्यातून काढायचा, मग आख्खा गळ त्या फासातून ओवून घ्यायचा आणि ओढायचं. गळ बदलायला कात्री लागत नाही. फासाची एक बाजू गाठीजवळ कापून एकेरी लांब फाटा करणारेही आहेत. मी करत नाही, दोन पदरी फाटा ताठ राहतो आणि गुंता टाळायला तोच ताठपणा कामाचा. फक्त डोळा बारीक असेल तर दुहेरी डोर आत जाणार नाही, गळ घेतानाच बघून घ्या. पालोमार गाठ सगळे सुचवतात, चांगलीच आहे, पण तिच्यात फासातून सगळा गळ ओवावा लागतो. खाली आधीच शिसं आणि दुसरा गळ बांधून बसला असाल तर तेही सगळं त्या फासातून काढावं लागेल. एका गळासाठी पालोमार, अनेक गळांसाठी नाही.

शिसं मात्र मुद्दाम बारीक डोरीने बांधा. दगडात अडकलं तर तेवढंच तुटतं आणि वरचे गळ, नशिबात असेल तर मासाही, परत येतो.

स्प्रिंगवर पेंडीचा गोळा चिकटवून त्याभोवती पाच-सहा गळ सोडणारे जे असतात, ते तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण पुढे कधीतरी विचाराल म्हणून सांगते: तिथे ताठपणा उलटा नडतो. रोहू गोळा चोखत चोखत खातो, ताठ डोर ओठाला लागली की सोडून देतो. तिथे मऊ विणलेली डोर आणि गळाच्या दांड्याभोवती लपेटून घातलेली गाठ. माझा स्वतःचा त्या प्रकाराला विरोध आहे, एका माशासाठी सहा काटे म्हणजे मासेमारी नव्हे, पण ते असो.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. विणलेल्या डोरीत ड्रॉपर लूप घालू नका, फास मरगळून पडतो. रिग नायलॉनचीच ठेवा. वाहत्या पाण्यात, म्हणजे नर्मदेच्या धारेत वगैरे, फाटा सतत गरगरतो, तिथे पीळ उतरवायला तीनतोंडी स्विव्हल खरंच बरं पडतं (भाऊजींना हे सांगू नका). मोठ्या माशाच्या मागे असाल तर दोन गळ नकोतच, आडव्या ओढीला ही गाठ तितकी दणकट नाही. आणि पडीन माशाच्या तोंडात दातांची रांगच असते, तिथे नायलॉनच्या गाठीची चर्चा करण्यात अर्थ नाही, तार लागते. मासा काठाशी आला की मोकळा असलेला दुसरा गळ कुठे आहे ते आधी बघा, मग हात घाला. मी पक्कडीने गळाचा उलटा काटा चेपूनच टाकते, हातात घुसला तरी निघतो.

महेश्वर, मंडलेश्वरच्या घाटांवर लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, तिथे गळ काढलात तर लोक तुम्हालाच पाण्यात घालतील. तलाव बहुतेक मत्स्य सहकारी समित्यांना पट्ट्याने दिलेले असतात, विचारल्याशिवाय बसू नका. महाशीर लागला तर सोडून द्यायचा, तो २०११ पासून आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. आणि १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, माशांचा विणीचा काळ. ते दोन महिने गाठी शिकायला घ्या, पण सुरुवात नायलॉनवर नको, पायजम्याच्या नाडीवर करा. जाड असल्याने पीळ कसे सरकतात आणि मधली फट कुठे हरवते ते नीट दिसतं. भाऊजींनाही मी हेच सुचवलं होतं. ते म्हणाले, नाडीसाठी स्विव्हल मिळतं का बघतो.