शहरात गेल्यावर जेवायचं कुठं?

कापसाचा पहिला वेचा घरात आला की आपल्याकडून शहराकडं जाणं वाढतं. कुणाचा दवाखाना, कुणाची कोर्टाची तारीख, कुणाच्या पोरांचा क्लास. या वेळच्या पत्रांत सगळ्यांची तक्रार साधारण एकच आहे: झोपायची सोय कुठं ना कुठं होते, पण खाण्यात पैसा जातो आणि जेवल्यासारखंही वाटत नाही. निवडक प्रश्न घेतले आहेत.

वडिलांना परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये न्यायचं आहे. महिनाभर तरी थांबावं लागेल म्हणतात. आम्ही दोघं भाऊ आळीपाळीनं सोबत राहू. रोज हॉटेलचं खाणं परवडणार नाही आणि बाबांना ते चालणारही नाही. (एक शेतकरी, ता. दारव्हा)

भाऊ, महिनाभराचा मुक्काम असेल तर हॉटेलचा विचारच डोक्यातून काढा. टाटात नाव नोंदवलं की पहिल्याच दिवशी तिथल्या समाजसेवा विभागात जा. बाहेरगावच्या पेशंटांच्या राहण्या-जेवणाची सोय कुठं होते हे त्या लोकांना चांगलं माहीत असतं. फुटपाथवर "खोली पाहिजे का" म्हणत मागं लागणाऱ्याच्या नादी लागू नका. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. गाडगे बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, आणि त्यांच्या या धर्मशाळेत टाटाचे पेशंट आणि त्यांची माणसं मोठ्या संख्येनं उतरतात. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवेचं काम आहे. जागा लगेच मिळेल असं धरून चालू नका. निघण्याआधी फोनवर चौकशी करा आणि हॉस्पिटलच्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स जवळ ठेवा, कारण प्रत्येक दारात तेच कागद मागतात.

आता बाबांच्या खाण्याचं. केमो सुरू झाली की पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतूही महागात पडतो. म्हणून बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळं, कच्ची कोशिंबीर, बर्फ आणि गाडीवरचा उसाचा रस बंद. चुलीवरून उतरलेलं, वाफ निघणारं असेल तेच द्या. सकाळी उडप्याकडची गरम इडली चालते, पण चटणी बाजूला ठेवून. दुपारी वरण-भात नाहीतर मुगाची खिचडी. डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला तर माझं सगळं विसरा आणि तो कागद पाळा.

तुम्हा भावांचं काम पोळीभाजी केंद्रावर भागतं. मुंबईत अशी लहान दुकानं गल्लोगल्ली आहेत. पोळ्या नगावर, भाजी पुडीत किंवा डब्यात बांधून देतात. संध्याकाळी सातच्या सुमारास नोकरदार बाया जिथं रांगेत उभ्या दिसतील ते दुकान धरा. त्या रोज घेतात, आणि रोजच्या गिऱ्हाइकाला शिळं देऊन दुकान चालत नाही. घरून जवसाची आणि तिळाची चटणी न्या, म्हणजे मुंबईची फिक्की भाजीही घशाखाली उतरते. राज्य सरकारची स्वस्त जेवणाची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० पासून सुरू झाली, दर १० रुपये. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात असं ते ताट आहे. ती दुपारीच मिळते आणि केंद्राचा रोजचा कोटा ठरलेला असतो. त्यामुळं मुक्कामाजवळचं केंद्र चालू आहे का ते आधी पाहून या आणि वेळेत जा.

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातो. यंदा बायको-मुलंही सोबत आहेत, दोन दिवस थांबून त्यांना मुंबई दाखवायची आहे. पाच जणांचं खाणं खिशाला झेपेल आणि पोरांना मजाही येईल असं काही सांगा. (एक शिक्षक, कारंजा)

सर, ६ तारखेचं तुम्हाला मी काय सांगणार! शिवाजी पार्कात त्या दिवशी जागोजागी अन्नदान असतं. त्या दिवशी दादरच्या हॉटेलांच्या वाटेला जाऊ नका, नुसतं ताटकळणं होईल. खरी गंमत दुसऱ्या दिवसापासून आहे, तीही दादर न सोडता.

सकाळचा नाश्ता 'आस्वाद'ला करा. इथल्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून मान मिळाला होता. आपल्या जिभेला ती जरा सौम्य लागेल. मुलांना मात्र तशीच आवडते. शिवाजी पार्काजवळच्या 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष घ्या. पियूष म्हणजे श्रीखंड ताकात पातळ केल्यासारखं गोड पेय. पाच ग्लास सांगू नका, दोघांत एक पुरतो.

दुपारचं जेवण माटुंग्याला. दादरपासून मध्य रेल्वेचं पुढचंच स्टेशन. स्टेशनबाहेरच वरच्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' आहे, १९४२ पासूनचं. आधी पैसे देऊन कुपन घ्यायचं, मग नंबर लागेपर्यंत बाकावर बसायचं. आत बसलात की पुढ्यात केळीचं पान येतं. त्यावर भाजी, पापड, पोळी नाहीतर पुरी, मग भात आणि त्यावर सांबार, रसम, दही. बादली घेऊन फिरणारा वाढपी इतक्या झपाट्यानं येतो, की हात आडवा धरला नाही तर पानात भाताचा दुसरा ढीग पडलेला असतो. पोरांना हे सगळं फार आवडतं. अमर्याद जेवणाच्या पानात वाटेकरी चालत नाही. लहान पोराला भूक बेताची असेल तर त्याच्यापुरतं मर्यादित ताट मागा. इथं चमचमीत काही नाही, पण त्या पैशात इतकं स्वच्छ आणि भरपेट जेवण मुंबईत दुसरीकडं मिळणं कठीण, असं माझं मत आहे. तिथल्याच भागात 'कॅफे मद्रास' आणि 'राम आश्रय' आहेत. डोसा आणि फिल्टर कॉफी त्यांच्याकडं घ्या. रविवारी सकाळी मात्र टाळा, रांग रस्त्यावर येते.

गेटवे, म्युझियम बघून थकलात की तिथं समोर दिसेल त्या हॉटेलात शिरू नका. जिथं गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच येतं तिथं मालकाला चवीची चिंता नसते. धोबी तलावापर्यंत या. तिथं 'कयानी' नावाचं इराण्याचं हॉटेल १९०४ सालापासून आहे. जुन्या लाकडी खुर्च्या, चौकड्याचे टेबलक्लॉथ, बनमस्का आणि चहा. मस्का पावात इतका असतो की पोरं आधी तोच चाटतात. दोन्ही दिवसांत एक जेवण नुसत्या वडापाववर काढलं तरी बिघडत नाही, मुंबईची अर्धी जनता तेच करते.

आम्ही बचत गटाच्या पाच जणी प्रदर्शनात माल विकायला मुंबईला जाणार आहोत. हॉटेलात शिरायचीच भीती वाटते. मेनू इंग्रजीत, वेटर घाईत, आणि बिल किती येईल काही कळत नाही. (ता. सिंदेवाही)

ताई, दारातून थेट टेबलाकडं जाऊ नका. आधी गल्ल्यावर जा आणि "राइस प्लेट कितीला?" एवढंच विचारा. मुंबईच्या कुठल्याही साध्या हॉटेलात हे दोन शब्द चालतात. भाव पटला तर बसा, नाही पटला तर पुढं व्हा. कुणी काही म्हणत नाही, तिथं हजार माणसं रोज असंच विचारून जातात. मेनू वाचायची गरजच नाही. शेजारच्या टेबलावरचं ताट बघा आणि वेटरला सांगा, "ते ताईंनी घेतलं आहे तसं."

बसल्याबसल्या वेटर विचारतो, "पाणी कोणतं? बिसलेरी की साधं?" तुम्ही एकमेकींकडं बघता, तेवढ्यात बाटलीचं बूच उघडलेलंही असतं. म्हणून तो विचारायच्या आधी "साधं पाणी आणा" म्हणून मोकळ्या व्हा. दुसरं, एसी खोली. बऱ्याच हॉटेलांत तोच डोसा एसीत जास्त भावानं असतो. बाहेरच्या पंख्याखाली बसा.

तुमच्यापैकी कुणाकडं स्मार्टफोन असेल तर मॅपवर हॉटेलचं नाव टाकून लोकांनी टाकलेले फोटो उघडा. त्यात मेनूचे फोटो असतात, भावासकट. फोटोची तारीख बघा, तीन वर्षांपूर्वीचा भाव आज नसतो. तारे किती हे मी बघतच नाही. सर्वांत अलीकडच्या चार-पाच प्रतिक्रिया वाचते, तेवढ्यात कळतं. यादीत सगळ्यांत वर 'प्रायोजित' लिहिलेलं असेल ती पैसे देऊन केलेली जाहिरात समजा. आणि स्टॉलवर बसून डबा खायचा असेल तर आदल्या दिवशीच शेजारच्या स्टॉलवाल्यांना विचारा. प्रदर्शनात डबा पोचवणारी बाई हमखास कुणाच्या तरी ओळखीची असते.

मुलगा एमपीएससीच्या तयारीला पुण्याला चालला. मेस कशी निवडावी? (एक आई, ता. देवळी)

काकू, पहिल्या दिवशी महिन्याचे पैसे भरायचे नाहीत. पेठांत मेस पायलीला पन्नास आहेत. बहुतेक ठिकाणी एका वेळचं जेवण पैसे देऊन मिळतं. तीन-चार मेसमध्ये एकेक वेळ जेवू द्या, आणि शक्यतो दुपारी उशिरा, दोनच्या पुढं. बाराला सगळीकडंच पोळी गरम असते. दोनला जी मेस गरम पोळी देते ती लावावी.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या. एक, खाडा धरता का? म्हणजे पोरगा चार दिवस गावी आला तर ते दिवस पैशातून वजा होतात का, आणि किती दिवस आधी सांगावं लागतं. दुसरं, रविवारी संध्याकाळी काय? पुण्यात रविवारी दुपारी गोडधोड करून रात्री मेस बंद ठेवायची चाल आहे. त्या रात्रीचा खर्च वेगळा धरा. आणि आमटीत गूळ असतो. पहिले पंधरा दिवस पोरगा फोनवर कुरकुर करेल, लक्ष देऊ नका. लोणच्याची बरणी मात्र पाठवा.

मुंबईत आपल्यासारखं तिखट सावजी कुठं भेटते? (एक वाचक, ता. लाखनी)

भाऊ, काहून शोधता? नागपूर तुमच्या घराजवळ आहे. मुंबईत मालवणी खाणावळ गाठा, दादर-गिरगावात पुष्कळ आहेत. सुरमईची थाळी महाग वाटली तर बांगडा नाहीतर बोंबील मागा, भाव बराच उतरतो आणि चव तसूभरही कमी नाही. तलावाच्या मासोळीवर वाढलेल्या भंडाऱ्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. जून-जुलैत समुद्रात मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीची आशा धरू नका.

मॉलमधल्या हॉटेलात बिलावर जीएसटी आणि वरून १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला. द्यावा लागतो का? (एक वाचक, वणी)

जीएसटी द्यावा लागतो, साध्या हॉटेलात तो ५ टक्के असतो. सर्व्हिस चार्ज द्यायचा की नाही ही तुमची मर्जी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे की हॉटेलानं तो आपोआप बिलात धरू नये आणि दुसऱ्या नावानंही लावू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा मॅनेजरला शांतपणे सांगा, "हा कमी करून नवं बिल द्या." बहुतेक जागी तेवढ्यात काम होतं, वाद घालायची वेळ येत नाही. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

जीएसटीच्या बाबतीतही बिलावर हॉटेलचा १५ अक्षर-अंकी नंबर आहे का ते बघा. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरणाऱ्या लहान हॉटेलांना गिऱ्हाइकाकडून हा कर वेगळा घेताच येत नाही. नंबर नसताना कर लावला असेल तर तो पैसा सरकारात जात नाही, गल्ल्यात जातो.

नागपूरला हायकोर्टात तारीख असते. सकाळच्या एसटीनं जातो, संध्याकाळी परत. दिवसभर चहा-बिस्किटावर राहतो. (एक वाचक, हिंगणघाट)

असं उपाशी राहू नका हो. सकाळी कस्तुरचंद पार्काजवळ तर्रीपोहे खा. चण्याची तर्री वरून घालून देतात. सकाळी लवकर पोचा, उशीर झाला की खालचं उरलेलं मिळतं. तारीख दुपारनंतरची असेल तर सदरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये बसा. कॉफी-कटलेटवर तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही, कागदपत्रंही चाळता येतात.

सावजी खायचं तर काम आटोपल्यावर, महाल-इतवारीकडं. आधी खाल्लं तर कोर्टात डोळे मिटतील. मटणाची प्लेट आणि रोटी यांचे भाव वेगळे असतात, ते आधी विचारून घ्या. दोघं असाल तर एकच प्लेट सांगा. भात शेवटी मागवा, बहुतेक ठिकाणी त्यावर रस्सा पुन्हा वाढतात, त्याचे पैसे लावत नाहीत. आणि शेवटची एसटी कितीला आहे ते सकाळी उतरतानाच स्टँडवर विचारून ठेवा.