प्रश्न तुमचे : प्रत्येक प्रकारातला ‘खेळायलाच हवा’ असा गेम

व्हिडिओ गेमचे प्रकार आणि त्या प्रकारांची ओळख ठरलेले गेम, या विषयावर आलेल्या पत्रांमधल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : कॉलेजच्या गेमिंग क्लबसाठी ‘प्रत्येक प्रकारातला एक गेम’ अशी यादी करतोय. दर वेळी वाद होतो. पहिला आलेला घ्यायचा, सगळ्यात गाजलेला, की सगळ्यात चांगला? (नाशिक)

हे तिन्ही निकष बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा : कोणत्या गेमचे नियम नंतरच्या सगळ्यांनी जवळजवळ जसेच्या तसे उचलले?

रिअल-टाइम स्ट्रॅटेजी घ्या. तुमच्याच वेळेत शत्रूही चाली करतोय असे गेम १९९२च्या आधीही होते. पण त्या वर्षी वेस्टवुडचा ‘ड्यून २’ आला आणि त्याने साखळी ठरवून दिली. तळ उभारा, गाडी पाठवून खनिज गोळा करा, त्या पैशातून कारखाना, कारखान्यातून रणगाडे, आणि सगळं माउसने. १९९४चा ‘वॉरक्राफ्ट’ आणि १९९५चा ‘कमांड अँड कॉन्कर’ याच साखळीवर उभे आहेत. म्हणून पायाचा दगड ‘ड्यून २’. मात्र आज तो खेळायला बसलात तर अर्ध्या तासात वैतागाल, कारण त्यात एका वेळी एकच गाडी निवडता येते. दहा रणगाडे पुढे न्यायचे तर दहा वेळा हुकूम द्यावा लागतो.

यावरूनच यादीत दोन रकाने करा : ‘पाया’ आणि ‘आज खेळायला’. तुमचे निम्मे वाद तिथेच मिटतील, कारण भांडणारे दोघं बहुधा वेगवेगळ्या रकान्यांबद्दल बोलत असतात.

फर्स्ट-पर्सन शूटरमध्ये, म्हणजे खेळाडूच्याच डोळ्यांनी बघत गोळीबार करायच्या प्रकारात, १९९२चा ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ आधीचा, पण त्याची जमीन सपाट आणि भिंती काटकोनातच. डिसेंबर १९९३मध्ये आलेल्या ‘डूम’ने जिने, उंच-सखल खोल्या, अंधार-उजेड, नेटवर्कवर चौघांनी एकत्र खेळणं आणि लोकांना स्वतःच्या लेव्हल बनवता येतील अशी फाइलरचना, हे सगळं एकदम दिलं. पुढे बरीच वर्षं या प्रकाराला ‘डूम क्लोन’ म्हणत. तेव्हा पाया ‘डूम’च. गंमत म्हणजे ‘आज खेळायला’ या रकान्यातही आम्ही तोच ठेवू. आणखी एक जागा असेल तर १९९८चा ‘हाफ-लाइफ’ घ्या. त्यात गोष्ट सांगण्यासाठी कॅमेरा खेळाडूच्या डोळ्यांपासून कधी हिसकावून घेतलेला नाही.

दोन्ही रकान्यांत निर्विवाद एकच नाव येतं ते कोड्यांच्या प्रकारात, ‘टेट्रिस’चं. मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४मध्ये रचलेले सात आकार आजही तेच आहेत. बदलला आहे तो आकार येण्याचा क्रम. नव्या आवृत्त्यांमध्ये सातही आकार पिशवीत घालून एकेक काढल्यासारखे येतात, त्यामुळे लांब दांडा फार वेळ अडून राहत नाही. जुन्या निन्टेन्डो आवृत्तीत ती हमी नाही. तिथे दांड्याच्या भरवशावर खोल विहीर राखली की हमखास अडकायला होतं.

शेवटचं : प्रकार ठरवताना पडद्यावर काय दिसतं ते बघू नका, हाताला काय करावं लागतं ते बघा. अंतराळ, राक्षस, दुसरं महायुद्ध ही सजावट आहे.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला ‘प्लॅटफॉर्मर’ म्हणजे काय ते नीट कळावं असे दोन-तीन गेम सुचवा. आमच्या वेळी कॉम्प्युटरवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ होता, तो चालेल का? (चिंचवड)

चालेल, पण तो तिसरा ठेवा. उड्या मारत कडे-खड्डे ओलांडायच्या या प्रकाराची दोन घराणी आहेत आणि तुमचा ‘प्रिन्स’ दुसऱ्या घराण्यातला.

पहिलं घराणं १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चं. त्याची पहिली लेव्हल तिच्या शेजारी बसून खेळा आणि काहीच सांगू नका. मारिओ डावीकडे उभा आहे आणि उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे कुठे जायचं ते कळलं. थोडं पुढे प्रश्नचिन्हाचे ठोकळे आणि समोरून चालत येणारा शत्रू, गूम्बा. पहिल्यांदा ती त्याला धडकून मरेल. लेव्हल सुरुवातीपासून लागेल, पण गेलं काय तर चार सेकंद. दुसऱ्यांदा उडी मारेल. ठोकळ्यातून निघालेलं मशरूम उजवीकडे सरकतं, पाइपला आपटून परत तिच्याकडेच येतं आणि डोक्यावर ठोकळे असल्यामुळे चुकवणंही अवघड जातं. मशरूम चांगलं असतं, हे एका शब्दाशिवाय शिकवून झालं. शिगेरू मियामोतो यांची ही मांडणी अजूनही लेव्हल डिझाइनचा पहिला धडा म्हणून दाखवली जाते.

या घराण्यात आज खेळायला २०१८चा ‘सेलेस्त’ घ्या. अवघड आहे, पण कमालीचा न्यायी आहे. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाचा दहावा भाग उडीचं बटण चालतं. जमिनीवर टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तरी ती उडी गेम लक्षात ठेवतो. छताच्या कोपऱ्याला डोकं जरासं लागलं तर तो तुम्हाला हळूच बाजूला सरकवतो. खेळताना यातलं काहीच दिसत नाही, फक्त ‘मी दाबलं होतं ना!’ ही तक्रार येत नाही. मेनूत असिस्ट मोड आहे. त्यात गेमचा वेग निम्म्यापर्यंत खाली आणता येतो. तिला आधी सत्तर टक्क्यांवर खेळू द्या आणि लेव्हल अंगवळणी पडली की वेग वाढवा.

एक गोष्ट मात्र आधीच तपासा. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. चित्र गुळगुळीत करण्याच्या प्रक्रियेत टीव्ही ते उशिरा दाखवतो आणि उडी दर वेळी कड्याच्या पुढे जाते. मूल स्वतःला दोष देत बसतं आणि चूक असते टीव्हीची.

आता ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, १९८९चा. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या भावाच्या धावण्या-उड्यांचं चित्रण करून त्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून राजपुत्र खऱ्या माणसासारखा हलतो आणि म्हणूनच तो मारिओसारखा हवेत वळत नाही. उडी घेतली की घेतली. या घराण्यात बोटांच्या चपळाईपेक्षा आधी मोजून मग पाऊल टाकणं महत्त्वाचं. तिला तीन गोष्टी सांगून ठेवा. शिफ्ट दाबून बाण दाबला की राजपुत्र जपून पाऊल टाकतो आणि खिळ्यांमधूनही सुखरूप जातो. दोन मजले पडलं तर एक प्राण जातो, तीन मजले पडलं तर सगळेच. आणि घड्याळ साठ मिनिटांचं आहे, मेल्यावरही ते थांबत नाही. या घराण्यातलं आजचं नाव हवं असेल तर २०१०चा ‘लिम्बो’ आहे, पण त्यातले मृत्यू भीतिदायक आहेत. अकराव्या वर्षी नको.

प्रश्न : ‘एज ऑफ एम्पायर्स २’ला तुम्ही स्ट्रॅटेजीचा मानदंड म्हणता. मला तो आवडतो, पण कॉम्प्युटर दर वेळी माझ्या आधी कॅसल एजमध्ये (गेममधल्या तिसऱ्या युगात) पोहोचतो आणि मी हरतो. नक्की कुठे चुकतं? (कोल्हापूर)

नव्वद टक्के वेळा उत्तर एकच असतं : टाउन सेंटर, म्हणजे व्हिलेजर (कामकरी) तयार करणारी मुख्य इमारत, रिकामं बसलेलं असतं. एक व्हिलेजर तयार व्हायला २५ सेकंद आणि ५० अन्न लागतं. लढाई बघण्यात दोन मिनिटं गेली की जवळजवळ पाच माणसं कमी झाली, आणि ती पाच माणसं पुढच्या प्रत्येक मिनिटाला जे आणणार होती तेही गेलं.

२०१९च्या डेफिनिटिव्ह आवृत्तीत, नेहमीच्या सुरुवातीला, पुढचा क्रम पाठ करा. हाताशी २०० अन्न असतं, म्हणजे चार व्हिलेजर. ते लगेच रांगेत लावा. सुरुवातीलाच मिळालेल्या तिघांकडून दोन घरं बांधून घ्या. घराला २५ लाकूड पडतं आणि पाच जणांची जागा होते. स्काउटला (टेहळ्याला) तळाभोवती गोल फिरवा, मेंढ्या सापडतील. पहिले सहा जण मेंढ्यांवर. त्यांना एकाच मेंढीवर लावा, कारण मारलेल्या मेंढीतलं अन्न सडत जातं. चार मेंढ्या एकदम मारल्या तर डोळ्यांदेखत अन्न वाया जातं. पुढचे चार लाकडावर, झाडांना अगदी चिकटून लंबर कॅम्प (लाकूड जमा करायची इमारत) बांधून. त्यानंतरच्या एकाला रानडुकराकडे पाठवा. त्याने बाण मारले की डुक्कर अंगावर येतं. ते आलं की लगेच टाउन सेंटरकडे पळवा आणि तिथे मेंढ्यांवरच्या सगळ्यांना त्याच्यावर सोडा. एका डुकरात ३४० अन्न असतं, मेंढीत १००. एकट्याने डुकराशी झुंज घेतली तर माणूस मरतो, म्हणून शिकार करणारा मध्ये रेंगाळता कामा नये. पुढचे चार बोरांवर, शेजारी मिल (अन्न जमा करायची इमारत) बांधून, आणि बाकीचे लाकडावर.

एकूण लोकसंख्या २१-२२ झाली की ५०० अन्न देऊन फ्यूडल एजचं, म्हणजे दुसऱ्या युगाचं, बटण दाबा. त्यासाठी डार्क एज या पहिल्या युगातल्या दोन इमारती लागतात. मिल आणि लंबर कॅम्प चालतात, घरं धरली जात नाहीत. नवशिक्याने हे नवव्या-दहाव्या मिनिटाला साधलं तरी उत्तम. पुढे कॅसल एजला ८०० अन्न आणि २०० सोनं लागतं. इथे अडतं ते शेतांमुळे. एका शेताला ६० लाकूड पडतं, दहा शेतांना ६००, आणि लाकडावर माणसं कमी असली की अन्नही आटतं. वर जाण्याच्या त्या वेळात निम्म्याहून अधिक माणसं लाकडावर असू द्यात.

गेममध्येच ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे सरावाचे डाव आहेत. त्यातला ‘अर्ली इकॉनॉमी’ सुवर्णपदक मिळेपर्यंत खेळा, मगच कॉम्प्युटरशी पुन्हा भिडा.

प्रश्न : जुना लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड नाही, पैसे खर्च करायचे नाहीत. तरीही सगळे प्रकार चाखता येतील का? (परभणी)

बऱ्यापैकी येतील, आणि चोरीच्या प्रतींची गरज नाही.

शूटरसाठी ‘डूम’चा पहिला भाग. तो मुळातच मोफत वाटण्यासाठी काढला होता, त्यात नऊ लेव्हल आहेत. स्ट्रॅटेजीत मूळ ‘स्टारक्राफ्ट’ २०१७पासून फुकट आहे. ‘ओपनआरए’वर जुना ‘कमांड अँड कॉन्कर’ सुधारलेल्या नियंत्रणांसह खेळता येतो. पॉइंट-अँड-क्लिक साहसकथेसाठी १९९४चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’, तो ‘स्कमव्हीएम’ या प्रोग्रॅममध्ये चालतो. प्लॅटफॉर्मर आणि शोध यांच्या मिश्रणासाठी २००४चा ‘केव्ह स्टोरी’, मूळ आवृत्ती. व्यवस्थापनासाठी वाहतूक कंपनी चालवायचा ‘ओपनटीटीडी’. तो पहिल्यांदा उघडल्यावर चित्रांचा मोफत संच उतरवून घ्यायचा आणि पहिला मार्ग नेहमी कोळशाच्या खाणीपासून वीजकेंद्रापर्यंत टाकायचा. खाण आणि केंद्र अगदी शेजारी निवडू नका, भाडं अंतरावर मिळतं.

विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीचे जुने गेम ‘डॉसबॉक्स’ या प्रोग्रॅममध्ये चालवा. गेमचं फोल्डर ‘माउंट’ आज्ञेने सी ड्राइव्ह म्हणून जोडायचं, त्यात शिरायचं आणि गेमची फाइल चालवायची. पात्रं भिंगरीसारखी पळू लागली तर लॅपटॉप बिघडलेला नाही. काही जुने गेम प्रोसेसरच्या वेगावरच वेळ मोजतात. कंट्रोल आणि एफ-११ दाबत वेग कमी करा, कंट्रोल आणि एफ-१२ने वाढवा. चित्र बुटकं दिसत असेल तर सेटिंग फाइलमध्ये ‘ॲस्पेक्ट’ चालू करा. ते गेम ४:३च्या पडद्यासाठी काढलेले होते.

प्रश्न : रोगलाइक आणि मेट्रॉइडव्हेनिया यांत माझा नेहमी गोंधळ होतो. (बेळगाव)

नकाशा बघा. दर डावाला नवा नकाशा आणि मेलं की सगळं शून्यावर, तर रोगलाइक. पाया १९८०चा ‘रोग’, आज खेळायला ‘ब्रोग’ (मोफत) किंवा ‘स्ले द स्पायर’. नकाशा एकच, कायमचा, आणि नवी शक्ती मिळाली की मागे बंद राहिलेलं दार उघडतं, तर मेट्रॉइडव्हेनिया. पाया १९९४चा ‘सुपर मेट्रॉइड’, आज खेळायला २०१७चा ‘हॉलो नाइट’.

प्रश्न : फायटिंगमध्ये ‘टेकन ३’ की ‘स्ट्रीट फायटर २’? (ठाणे)

पाया १९९१चा ‘स्ट्रीट फायटर २’. वेगवेगळ्या ढंगाचे आठ लढवय्ये, सहा बटणं, आणि ठोशाला ठोसा जोडून होणारे कॉम्बो. हे कॉम्बो मुळात ठरवून केलेले नव्हते, गेम बनत असताना ते लक्षात आले आणि राहू दिले. पुढे सगळा प्रकार त्यांच्यावरच उभा राहिला. ‘टेकन ३’ मित्रांबरोबर खेळायला जास्त सोपा, कारण एकेक बटण एकेका हाता-पायाचं आहे. बाजूला सरकून वार चुकवणं ही त्याची खरी ओळख.

‘स्ट्रीट फायटर’मध्ये हादोकेन (हातातून फेकायचा ऊर्जेचा गोळा) निघत नाही ही तक्रार बहुतेक नवशिक्यांची असते. खाली, तिरकं खाली-पुढे, पुढे, आणि ठोसा. तिरकी पायरी गळते, म्हणून ठोसा नुसताच पडतो. किबोर्डवर ‘खाली’ धरून ठेवा, ‘पुढे’ दाबा, मग ‘खाली’ सोडा. दोन्ही बटणं एकत्र दाबलेली असतात तो क्षण म्हणजेच तिरकं.

प्रश्न : या याद्यांमध्ये आपलं काहीच नसतं का? क्रिकेट तरी? (रत्नागिरी)

क्रिकेटला स्वतंत्र रकाना द्यायलाच हवा. आपल्याकडे ‘क्रिकेट ०७’ अजून खेळला जातो, कारण तो साध्या कॉम्प्युटरवर चालतो आणि हौशी लोक नवे संघ, नवे कपडे त्यात भरत राहतात. पण नंतरच्या गेमना नियम दिले ते २०१४च्या ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ने. कंट्रोलरच्या डाव्या स्टिकने पाय, उजव्या स्टिकने फटका, आणि एकाच खेळाडूची कारकीर्द खेळण्याची सोय. त्याच ऑस्ट्रेलियन स्टुडिओचे ‘क्रिकेट १९’, ‘२२’ आणि ‘२४’ याच वाटेने गेले. ‘०७’वरून तिकडे जाणारे सुरुवातीला पटापट बाद होतात, कारण खेळपट्टीवर टप्प्याची खूण बघून फटका मारायची सवय लागलेली असते. नजर गोलंदाजाच्या हातावर ठेवा, आधी पाय हलवा, फटका त्यानंतर. नेटमध्ये आधी नुसता बचाव करा. चेंडू बॅटच्या मधोमध बसू लागला की ड्राइव्ह.

आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’, २०२०चा. प्रकाराची व्याख्या बदलणारा तो नव्हे. भिंतीवरून धावणं आणि खांबांवर चढणं हे २००३च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’च्या घराण्यातलं. पण ॲक्शन-ॲडव्हेंचरची पहिली ओळख म्हणून तो आम्ही मनापासून सुचवतो. लांबी कमी आहे, दोन-तीन संध्याकाळीत संपतो, आणि प्राचीन भारताच्या धाटणीचे किल्ले-मंदिरं बघत खेळता येतो. कंट्रोलर जोडूनच खेळा. उड्यांच्या दिशा तिरक्या आहेत, किबोर्डच्या चार बाणांवर त्या नीट साधत नाहीत.