रिकामा डबा आणि दप्तराचा तळ

"मुलगी डबा संपवत नाही आणि विचारले की खोटे बोलते," ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. असेच सांगत आलेल्या एका आईला नऊ वर्षांच्या मुलीच्या दप्तराच्या तळाशी कागदात गुंडाळलेले, वास येऊ लागलेले अन्न सापडले होते. डबा मात्र पंधरा दिवस रोज रिकामा परत येत होता.

मुलीशी बोलल्यावर कळले की शाळेत उरलेल्या अन्नाचे वर्गवार वजन करून आकडा फळ्यावर लिहिला जाऊ लागला होता, आणि "आकडा वाढला की सगळे माझ्याकडे बघतात." शाळेचा हेतू मला मनापासून पटतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि कचराभूमीत हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन हा पृथ्वीचे तापमान वाढवणारा वायू बाहेर पडतो, हे मुलांना समजायलाच हवे. परंतु वजनकाटा किती उरले एवढेच सांगतो. का उरले, हे मुलालाच विचारावे लागते.

म्हणून आठवडाभर तिने काय उरले आणि का उरले, एवढेच वहीत लिहावे, आणि घरी त्यावर कोणीही बोलू नये, असे आम्ही ठरवले. वहीतून जे निघाले ते फार साधे होते: खेळायला जाण्याच्या घाईत ती अर्ध्यावर उठत असे, अख्खे फळ हलणाऱ्या दातांनी तिला चावता येत नसे, आणि डब्यात तिच्या मोठ्या भावाइतकेच अन्न भरले जात असे.

"कमी दिले तर उपाशी राहील," ही आईची भीती खरी होती, म्हणून त्या भीतीवर बोलायला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. डब्यात कोणते पदार्थ असावेत हे आईने ठरवायचे, किती घ्यायचे हे मुलीने सकाळी स्वतःच्या हाताने ठरवायचे, फळ चिरून द्यायचे आणि उरलेले न लपवता घरी आणायचे. वर्गशिक्षिकांनीही समजूतदारपणे आधी खेळ आणि मग जेवण असा क्रम लावला, आणि फळ्यावर आकड्याऐवजी मुलांनीच सांगितलेली कारणे नावांशिवाय लिहायला सुरुवात केली.

तिसऱ्या आठवड्यात डबा पुन्हा थोडा भरलेला परत आला. तो आईसमोर उघडून मुलगी म्हणाली, "उद्या हे दोन चमचे कमी घेते."